बाकीचे सहा दिवस

एल्मर फॉल्स, आयोवा
९ फेब्रुवारी

प्रिय कर्टिस,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळे मजेत. गुडघाभर बर्फ आहे. तू टेक्सासात बिनकोटाचा हिंडत असशील.

कॉलेजांच्या खेळांच्या मोठ्या लीगनं आपल्या कॉलेजला आत घेतलं, हे कळलंच असेल. कसं घेतलं, ते मात्र पेपरात आलं नसणार. लीगची माणसं पाहणीला आली, तुझं लाडकं फुटबॉलचं मैदान बघून "छान, छान" म्हणाली आणि निघाली. तेवढ्यात वादळ आलं, विमान रद्द! करायचं काय, म्हणून संध्याकाळी आमच्या मुलींच्या जिम्नॅस्टिक्सच्या सामन्याला येऊन बसली. एवढ्या बर्फातही हॉल गच्च भरलेला. लीगच्या टीव्ही चॅनलच्या प्रमुख रेनाटाबाई बघतच राहिल्या.

"नेहमीच एवढी गर्दी असते?"

"उद्या कुस्ती आहे. उद्या या, उभं राहायलाही जागा मिळायची नाही," मी म्हटलं.

"फुटबॉल काय, सगळ्याच कॉलेजांकडे आहे आणि तो शनिवारी. बाकीचे सहा दिवस चॅनलवर दाखवू काय, ही माझी रडकथा आहे हो!"

महिन्याभरात बोलावणं आलं.

चिडू नकोस. 'कुस्ती बंद करा, त्या उड्या मारणाऱ्या पोरी बंद करा, सगळा पैसा फुटबॉलला द्या, तरच मोठी लीग विचारेल,' असं तू म्हणायचास. कॉलेजनं ऐकलं नाही, तर फुटबॉलच्या कोचपदाचा राजीनामा देऊन गेलास. या आवारात पुन्हा पाय ठेवणार नाही म्हणालास. मी तेव्हा भांडले नाही, आताही टोमणा मारत नाहीये. बरं, थोडासा मारतेय.

आता प्रवास लांबचे होतील, शेजारच्या कॉलेजशी असलेली जुनी चुरस संपेल, त्याचं वाईट वाटतं. बाकी मी खुशीत आहे.

पण पत्र त्यासाठी लिहिलं नाही. त्या संध्याकाळी टेसा कसरतीच्या अरुंद तुळईवरून पडली. उठली, पुन्हा चढली आणि शेवटची उडी अशी मारली की हॉल उभा राहिला. रेनाटाबाईंनी विचारलं, "ही कोण?" म्हटलं, "माझी भाची."

लीगची बातमी आली तेव्हा मुली नाचत होत्या. टेसा हळूच माझ्याजवळ आली.

"आत्या, हे चॅनल टेक्सासात दिसतं का गं?"

"दिसतं की."

"बाबांना सांगू नकोस हं."

असं म्हणाली खरी, पण तिथून हलेना. म्हणून सांगतेय.

पुढच्या जानेवारीत आमचा पहिला सामना टीव्हीवर आहे. तेव्हा तुझा फुटबॉल संपलेला असतो, सबब चालणार नाही. घरी बसूनही दिसेल तुला. पण चढण्याआधी ती एकदा प्रेक्षकांवरून नजर फिरवते, कर्टिस. दर वेळी.

तुझी बहीण, आणि तुझ्या लेकीची कोच,
डार्लीन