मामाची बाल्कनी आणि माझा तिसरा प्रयत्न

९ एप्रिल
आजपासून अभ्यास. मेकॅनिक्सचा पेपर दोनदा गेला, यात माझा दोष नाही. पहिल्या वेळी हॉल गार होता. दुसऱ्या वेळी शेजारचा जर्मन मुलगा इतक्या भराभर लिहीत होता की माझंच लक्ष लागेना. आता तिसरा प्रयत्न, म्हणजे शेवटचा. यातही नापास झालो तर जर्मनीत कुठंच मेकॅनिकल शिकता येणार नाही. डिग्री बंद, व्हिसा बंद, मी, वाखो, परत जॉर्जियात झेस्ताफोनीला, आईच्या घरी.
पण तिसरा प्रयत्न तोंडी असतो! इथंच विद्यापीठाची चूक झाली. आम्हा जॉर्जियन माणसांच्या हातात नुसता ग्लास दिला तरी आम्ही पाऊण तास बोलतो. काळजीचं कारण नाही.

१० एप्रिल
टाइमटेबल केलं. चार रंगांत. होस्टेलच्या समोरच्या खोलीतली सोलांज समाईक स्वयंपाकघरात येऊन बघून गेली. ती कॅमेरूनची. माझ्यानंतर दोन वर्षांनी आली आणि माझ्या पुढे गेली. घाई हा तिचा स्वभावच. म्हणाली, "छान आहे. यात अभ्यास कुठल्या रंगाचा?"
दिवस गेला, पण पाया पक्का झाला.

२३ एप्रिल
ओतारमामाचा फोन. नुत्साचा, म्हणजे त्याच्या मुलीचा, जुलैत साखरपुडा. कुताइसीहून सासरची माणसं येणार. मामाला घराच्या पुढच्या बाजूला लाकडी बाल्कनी काढायची आहे, सगळी पंगत तिथंच. विचारत होता, "इंजिनियरसाहेब, भाचेबुवा, तुळया किती जाड घालू? सुताराला विचारणार होतो, पण घरात जर्मनीचा इंजिनियर असताना बाहेर कशाला विचारायचं?"
अगदी योग्य विचार. सांगितलं की गणित करून कळवतो, इकडच्या पद्धतीनं.

२४ एप्रिल
गणित झालं. किती सोपं! पुस्तकात तुळईचं चित्र आहे, खाली सूत्र आहे, आकडे टाकले, उत्तर आलं. तुळई अकरा सेंटीमीटर जाड. मामाला कळवलं. मामा गहिवरला. म्हणाला, "आपल्या खानदानात आजवर सगळे अंदाजच सांगत आले. आकडा सांगणारा तू पहिला."
सोलांजला गणित दाखवावं असं क्षणभर वाटलं. पण उगाच तिला कमीपणा वाटायचा.

६ मे
ऊन पडलं. इथं ऊन पडलं की अभ्यास करणं म्हणजे या लोकांच्या भावना दुखावणं. सगळे नदीकाठी सॉसेज भाजत होते. मीही गेलो. नव्या मुलांना परीक्षेच्या युक्त्या सांगितल्या. ट्युनिशियाचा एक जण वहीत उतरवून घेत होता. फार हुशार मुलगा.

१९ मे
सोलांज म्हणाली, "मंगळवारी आणि गुरुवारी तासभर बसू या का? मी शिकवते." तिला बोलायला कुणी नसावं. बिचारी. तिच्यासाठी हो म्हटलं.

२१ मे
गेलो नाही. टाइमटेबलमध्ये गुरुवार हिरवा आहे आणि हिरवा म्हणजे विश्रांती. मी केलेले नियम मीच कसे मोडू?

८ जून
मामानं फोटो पाठवला. तुळया बसल्या, वर फळ्या ठोकणं चालू आहे. खालून काढलेला फोटो आहे, सगळं अंधुक. तरी भव्य वाटतं. खोलीच्या दारावर चिकटवला. सोलांजनं विचारलं, "हे कुणी डिझाइन केलं?" मी नुसता हसलो. तिनं फोटो अगदी जवळून बघितला. नंतर विचारलं, "याच्या दुसऱ्या टोकाला खांब आहे का?" मी म्हणालो, "बाल्कनीला कुणी खांब लावतं का?" त्यावर "हं" म्हणाली आणि मसूर ढवळायला गेली.
लोकांना दुसऱ्याचं यश पचत नाही.

२ जुलै
तोंडी परीक्षा तेवीस तारखेला. अभ्यास उद्यापासून, कडक.

९ जुलै
अभ्यास उद्यापासून. आज टाइमटेबल बदललं. दोनच रंग ठेवले. साधेपणात ताकद असते.

१४ जुलै
सोलांज स्वतःच पुस्तक घेऊन खोलीत आली. दार लावून समोर बसली. म्हणाली, "वाखो, तू गेलास तर या मजल्यावर भांडी न धुणारा नवा माणूस येईल. तुझी निदान सवय झालीय." चार तास शिकवलं. भाषा उद्धट, पण शिकवते बरी. बरंचसं कळलं. न कळलेलं बोलून निभावेन.

२२ जुलै
आईचा फोन. पाहुणे आले, मामाच्या घरी गडबड, आई तिथंच मुक्कामाला. म्हणाली, "उद्या तुझी परीक्षा ना रे राजा? जेवून जा." मी म्हणालो, "नुसती औपचारिकता आहे गं." ती म्हणाली, "हो हो. तरी जेवून जा."

२३ जुलै, दुपार
क्रमानं लिहितो.
खोलीत प्रोफेसर ब्रुंकहोर्स्ट आणि त्यांची सहाय्यक. प्रोफेसरांना माझं आडनाव म्हणता येत नाही, त्यामुळे नुसतं "तुम्ही". मी जॉर्जियाच्या वतीनं चार शब्द बोलून सुरुवात केली. त्यांनी घड्याळाकडे बघून सांगितलं, "भिंतीतून बाहेर आलेली तुळई काढा. सगळ्यात जास्त ताण कुठं आणि किती, लिहा."
हसू आलं. हे तर मी प्रत्यक्ष केलेलं! फळ्यावर झोकात सूत्र लिहिलं. प्रोफेसर म्हणाले, "हे सूत्र दोन्ही टोकांना आधार असलेल्या तुळईचं. तुमचं दुसरं टोक कशावर आहे?"
मी चित्राकडे बघितलं. दुसरं टोक हवेत होतं.
म्हणालो, "हवेत." नंतर जरा मोठ्यानं म्हणालो, "बाल्कनीचंसुद्धा हवेत!"
सहाय्यक बाईंनी विचारलं, "कुठली बाल्कनी?"
मग मी सगळं सांगितलं. मामा, नुत्सा, कुताइसीचे पाहुणे, अकरा सेंटीमीटर. आयुष्यात पहिल्यांदा भाषण न करता बोललो. प्रोफेसर खुर्चीतून उठले. म्हणाले, "मग आता बरोबर करा. भार किती घ्याल?" मी म्हणालो, "सगळे सोयरे, आणि वाइनचे कॅन." त्यांनी विचारलं, "पाहुणे नाचतात का?" मी म्हणालो, "तिसऱ्या ग्लासानंतर." ते बाईंना म्हणाले, "मग भार वाढवून घेऊ."
फळा भरला. कुणी काही सुचवलं नाही, सगळं मीच मांडलं, आणि सूत्र कुठून येतं तेही मीच काढून दाखवलं, कारण आता पुस्तकावर माझा विश्वास उरला नव्हता. उत्तर आलं. त्याच भाराला ताण माझ्या जुन्या सूत्राच्या चौपट, म्हणजे तुळई दुप्पट जाड हवी, कारण जाडी दुप्पट केली की ताण चौथाईवर येतो. प्रोफेसरांनी फळा वरपासून खालपर्यंत तपासला. म्हणाले, "गणित बरोबर आहे. बाल्कनी पडेल. जा, फोन करा."

तेवीसच, थोड्या वेळानं
लिहिताना पाणी प्यायला उठलो होतो.
कॉरिडॉरमधून मामाला फोन. उचलत नाही. नुत्सा उचलत नाही. शेवटी आईनं उचलला. मागं गाणं चालू, चार आवाजांत. विचारलं, "कुठं आहात?" म्हणाली, "बाल्कनीत. सगळेच आहोत. मामा उभा राहून तुझ्याच नावानं ग्लास उंचावतोय."
मी ओरडलो, "आई, उठा सगळे! आत जा! एकेक करून, नाचू नका!" बाजूच्या खोलीतून एक जर्मन बाहेर आला आणि परीक्षा चालू असताना शांतता पाळायचा नियम सांगून परत गेला.
आई म्हणाली, "बसू दे रे, आत्ता कुठं जेवायला बसलेत."
मी सांगितलं की माझा आकडा चुकला. तुळई पाहिजे त्याच्या निम्मीच जाड आहे.
आई फोन घेऊन जरा बाजूला गेली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "मामाला सांगू नकोस हं. तुझा आकडा सुताराला कळवायचं काम त्यानं माझ्यावर टाकलं होतं. कळवताना दुप्पट करून कळवला."
विचारलं, का?
म्हणाली, "तू सांगितलास म्हणून."
भिंतीला टेकून खाली बसलो. तेवढ्यात सहाय्यक बाईंनी दार उघडून विचारलं, "माणसं?" म्हणालो, "जेवताहेत." त्या आत सांगून आल्या आणि म्हणाल्या, "पास. काठावर. प्रोफेसर म्हणाले, भाषणाचे गुण कापलेत."

२४ जुलै
पास झालो. सोलांजला सगळं सांगितलं. तिनं कागद ओढून गणित केलं. बाल्कनीला बरोबर माझ्या दुप्पटच जाडी लागत होती. कागदाकडे बघत म्हणाली, "तुझ्या आईला इथं ॲडमिशन मिळेल का रे?"
भांडी धुतली. तिचीसुद्धा.

२६ जुलै
आईला फोन. साखरपुडा झाला, बाल्कनी हलली नाही, नाच पहाटेपर्यंत. मनात बोच होती, म्हणून सांगून टाकलं की इकडं येताना तीन वर्षांत डिग्री म्हणालो होतो, आता पाचवं संपत आलं, तुला गल्लीत खाली बघावं लागत असेल.
म्हणाली, "छे रे! मी सगळ्यांना पहिल्यापासून सहाच सांगितलीत."
म्हणालो, "आई, आता गाडी रुळावर आहे. फक्त आठ पेपर राहिलेत. पुढच्या उन्हाळ्यात डिग्री, नक्की."
पलीकडून आई काहीतरी पुटपुटताना ऐकू आली. हिशेब करत असावी.