छातीचा फोटो

१२ मार्च १९७३, तलवाडा

पोचलो एकदाचा! हैदराबादहून आम्ही सोडलेल्या फुग्याची, क्ष-किरण टिपून वाजणारी पेटी इथल्या माळावर धडधाकट उतरली आहे. आकाशात एक जागा अशी, की दुर्बिणीला तिथे काहीच दिसत नाही, पण क्ष-किरण मात्र येतात, ठरलेल्या ठेक्यात. तीन ठोके, जरा विसावा, मग एक. तिथे काय आहे हे शोधणाऱ्याचं नाव होणार, आणि ते माझं व्हावं अशी माझी फार इच्छा आहे. जीप येईपर्यंत मुक्काम सोसायटीच्या गोदामात, मिलोच्या, म्हणजे रेशनच्या अमेरिकन लाल ज्वारीच्या, पोत्यांशेजारी. पलीकडच्या भिमाबाई भाकरी देतात, शिवाय टँकरच्या पाण्यातली स्वतःची अर्धी कळशी.

१४ मार्च

पेटीतली शिशाची जाळी कुणीतरी लांबवली होती. चेअरमन माणिकरावांनी परस्पर दवंडी पिटवली, सायबाचं यंत्र एक्स-रेचं हाय, सामान आणून द्या, छातीचा फोटो फुकट. इथे एक्स-रे म्हणजे बीडच्या दवाखान्यातला, क्षयाचा. दुष्काळी कामावर खडी फोडून सगळेच खोकतात. जाळी दुपारीच परत आली, मागोमाग रांग. हे यंत्र फोटो काढत नाही, एवढं सांगायला जीभ रेटेना. एकेकाला समोर बसवून म्हणत गेलो, छाती चांगली आहे. लाज वाटली, पण भाकरी गोड लागली.

१५ मार्च

आजच्या रांगेतले आश्रुबा समोर बसले आणि पेटी वाजली. तीन ठोके, विसावा, एक. आकाशातले ते किरण जमिनीवर पोचतच नाहीत, हवाच गिळते. त्यांच्या मागच्या केशरबाईंनाही तोच ठेका. दोघांनाही म्हणालो, चांगली आहे.

१६ मार्च

आश्रुबा खडीच्या ढिगावर बसल्याजागी वारले.

१७ मार्च

केशरबाईही गेल्या. पेटी बंद करायला हवी होती. तेवढ्यात भिमाबाई आल्या, म्हणाल्या, समद्यांचं बघितलं, माझंच कावून न्हाई? नको म्हणता आलं असतं. पण मला अजून एक नोंद हवी होती. थू माझ्या जिंदगीवर. बसवलं. वाजली. म्हणालो, लई चांगली हाय. त्या हसल्या, आणि तांब्याभर पाणी जास्तीचं ठेवून गेल्या.

१९ मार्च

भिमाबाईंना स्मशानात पोचवून आलो. गाव मलाच धीर देतंय. मान वर होत नाही. पेटीची बॅटरी काढली.

२० मार्च

भरदुपारी दारात रांग. पुढे आश्रुबा, मग केशरबाई — भिमाबाई म्हणतात, सायेब, तवा फोटू नीट निघाला न्हाई, परत काढा. तोंडावर राग नाही. राग असता तर —

तीच दुपार

खरं सांगितलं. सगळं. ऐकून म्हणाल्या, आमाला ठावं हाय. आता तुमी बसा.

बॅटरी माझ्या हातात आहे. तरी पेटी —

तीन. विसावा.

भिमाबाई कान लावून ऐकतायत. मायेनं हसल्या. म्हणतात, काळजी करू नका सायेब, छाती लई चांग —