कोरं नाव

केडगाव,
४ जुलै २०२५

ति. बाबांना,
सप्रेम जयभीम वि. वि.

फोनवर तुम्ही निम्म्यातच तापता, म्हणून लिहिते. नर्सिंगच्या फीचं कर्ज अडलंय. सहकर्जदार म्हणून तुमचं नाव दिलं होतं. बँकेतल्या साहेबांनी पॅन नंबर टाकला, तर सिबिलला तुमची नोंदच नाही. स्कोअरच्या जागी उणे एक. मी ताठ मानेनं सांगितलं, आमच्या बाबांनी कधी कुणाचा रुपया ठेवला नाही. ते म्हणाले, तीच अडचण आहे. कर्ज घेऊन फेडलेलं दिसल्याशिवाय बँकेला माणूस कळत नाही.

फीची शेवटची तारीख एकतीस. रूमवरच्या मुलींच्या पावत्या झाल्या. माझं कशात लक्ष लागत नाही. एखादं जुनं कर्ज, पतसंस्थेचं का होईना, फेडलेलं आठवतं का? आणि बँकेत येऊन साहेबांशी वाद घालू नका, एवढं पथ्य पाळा.

माया आहे तशीच राहू द्या.
तुमची,
निकिता

खर्डा,
७ जुलै

चि. निकितास,
अ. आ. व जयभीम.

पत्र वाचल्यापासून थापी हातात धरवत नाही. तीस वर्षं गवंडीकाम केलं. सायकल रोखीनं घेतली, घरावर पत्रे टाकले तेही रोखीनं. काल जामखेडला एका दुकानात विचारलं. दुकानदार म्हणाला, हप्त्यावर फ्रीज घ्या, हप्ते तारखेला भरा, सहा-आठ महिन्यांत स्कोअर येईल. फ्रीजात ठेवायला आपल्याकडं आहे काय? आणि तुझी तारीख तर तोंडावर आली.

म्हणून रस्त्याकडेचा दोन गुंठ्यांचा प्लॉट विकायला काढतोय. गिऱ्हाईक पुढच्या गुरुवारी येईल. हे ऐकल्यापासून तुझ्या आईचं कशात ध्यान नाही. भाकरी करपते तरी तिला पत्ता नसतो. प्लॉटचं वाईट वाटत असेल.

जिवाला खाऊ नको, बाप उभा आहे.
सहादेव

खर्डा,
१० जुलै

चि. निकीला आईचा लई लई जयभीम.

हे पाकीट तिकडं येणाऱ्या शेजारच्या आरतीमावशीजवळ दिलंय. उत्तर बी तिच्याच हाती दे, बाबांना कळू देऊ नको.

मी अकरा वर्सं बायांच्या गटात हाय. गटातून कर्ज मिळतं, दर मंगळवारी हप्ता. बाबांना म्हाईत न्हाई. पयलं आठ हजार शिलाई मशीनला घेतलं न् मामानं दिली म्हनून सांगितलं. तुझी दहावीची फी बी गटातूनच. परांचीवरून पडून ह्यांचा पाय मोडला, तवा ठेकेदारानं पंचवीस हजार धाडलं असं मी सांगितलं, ते बी गटाचंच हुतं. ठेकेदार फिरकला बी न्हाई. ब्लाऊज शिवून, खुरपाय जाऊन फेडलं. एक मंगळवार चुकवला न्हाई, तापात बी गेल्ते.

माझं आधार न् पॅन सोबत हाय. माझं नाव निघतं का बघ. पन निकी, जिवाला घोर लागलाय. रोखीचा मानूस म्हनून तुझे बाबा गावात मान वर करून चालत्यात. ती माझ्यापायी खाली जाईल.

आईवर रागवू नको.
मालन

केडगाव,
१४ जुलै

ति. आईस,
सप्रेम जयभीम.

तुझं नाव निघालं. सातशे अडुसष्ट. साहेबांनी पडदा माझ्याकडं वळवला. नऊ कर्जं, आणि एकही हप्ता मागं नाही. ह्या बाई करतात काय, असं त्यांनी विचारलं. ब्लाऊज शिवतात, खुरपायला जातात, म्हटलं. बाहेर पायरीवर बसून रडले. थोडा रागही आला, मला तरी सांगायचं होतंस.

शुक्रवारी सहीला यावं लागेल. गिऱ्हाईक गुरुवारी येणार, त्याच्या आत बाबांना सांग. मी सांगणार नाही, ते तूच सांगायचं.

तुझ्या कुशीतली जागा राखून ठेव.
निकी

खर्डा,
२३ जुलै

चि. निकितास,
अ. आ. व जयभीम.

फीची पावती पोचली. शुक्रवारी आईच्या सहीला आलो तेव्हा बँकेत मी बोललो नाही ते रागानं, असं तुला वाटलं असेल. खोटं कशाला सांगू, राग होताच. त्याआधी बुधवारी तुझ्या आईनं सगळं उभ्यानंच सांगितलं. मी फक्त पाय मोडला तेव्हाचं पुन्हा विचारलं. सहा वर्षं त्या ठेकेदाराला भला माणूस म्हणत आलो, त्याची कामं कमी मजुरीत करून दिली. आणि घर आपण एकट्यानं ओढलं, हे गावभर सांगत फिरलो. गिऱ्हाइकाला परत लावलं, पण मन काही थाऱ्यावर येईना.

काल मंगळवार. आईचा गुडघा सुजलेला, तरी ती हप्ता भरायला निघाली. मी पैसे मागून घेतले आणि गेलो. तिथं सगळ्या बायाच. हप्ता घेणाऱ्या बाईंनी विचारलं, आपण कोण. खर्ड्यात मला असं कधी कुणी विचारलं नव्हतं. मी म्हणालो, "मालनबाईंचा हप्ता आहे. मी त्यांचा माणूस."

तब्येतीला जप, आईला पत्र टाकत जा.
सहादेव