सुमनचं तोरण

दसरा, संध्याकाळ

आज मी वाईट वागलो. लिहूनच टाकतो.

अर्धांगवायूनं सुमनचा उजवा हात गेला, त्याला वर्ष झालं. तरी यंदाही दाराचं तोरण मीच करणार म्हणाली. पायाच्या बोटात दोरा अडकवून डाव्या हातानं सकाळपासून ओवत बसली. झेंडू, आंब्याची पानं, मधेमधे बाजरीची कणसं. तोरण वाकडं झालं, पानं चुरगळली. सोनं द्यायला लोक येणार, ते काय म्हणतील? मी तिच्यासमोरच दोरा कापला आणि सगळं नव्यानं ओवलं. दहा मिनिटांत झालं, हे तिला ऐकवलंसुद्धा.

"राहू द्या की," एवढंच म्हणाली.

पायाच्या बोटातला तो दोरा मला दिसत नव्हता का? दिसत होता. त्याचाच तर मला राग आला नसेल?

पाच वाजता शेजारच्या शबानाभाभी आल्या. "वहिनी, तोरण लई झकास झालंय. तुमीच केलं ना?"

सुमन हसली. "न्हाय, यांनी केलंय. माज्या हातानं आता काय व्हतंय?"

दोघींनी माझ्याकडं बघितलं.

"व्हय की, मीच केलंय," मी म्हणालो.