शुक्रवारची मुदत

प्रिय टॅमसिन,

काल तू सुईण म्हणून पहिलं बाळंतपण केलंस. आपलं अख्खं पेन्झन्स गाव माझ्या धाकट्या बहिणीचं कौतुक करतंय आणि मी आतून जळतेय.

सुईणीची पदवी आधी मला घ्यायची होती. पण माझ्याकडे इतिहासाची पदवी होती आणि तेव्हा दुसऱ्या पदवीला शैक्षणिक कर्ज मिळत नसे. मी वृद्धाश्रमात कामाला लागले. पुढे नियम बदलला, तोवर माझ्या पदरात जुळी होती. तुला मात्र चित्रकलेची पदवी असूनही कर्ज मिळणार होतं.

आता खरं सांगते. तुझं शिक्षण सुरू व्हायच्या आधी, मुदतीच्या त्या आठवड्यात, कर्ज कार्यालयाचा फोन आपल्या घरी सोमवारीच आला होता. "टॅमसिनच्या अर्जावर सही राहिलीय. शुक्रवारपर्यंत द्या, नाहीतर यंदा कर्ज नाही." मी "सांगते" म्हटलं आणि गप्प बसले.

गुरुवारी जेवताना तू म्हणालीस, "लव्हडे, भीती वाटते गं. जमेल ना मला?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "आत्ताच फोन आला होता. उद्या सही देऊन ये."

तू मला घट्ट मिठी मारलीस. "तू नसतीस तर माझं वर्षच गेलं असतं!" मग माझ्याकडे बघून विचारलंस, "अगं, रडतेस काय?"

मी म्हटलं, "आनंदानं."

हे पत्र तुला कधीच न देणारी,
लव्हडे