जेल कमी पडलं

४ मार्च
आमच्या विभागात हृदय तपासायचं नवीन इको मशीन आलं एकदाचं! चाचणीला कुणालातरी झोपवायचं होतं. मीच आडवी झाले — तेवढीच पाठ टेकली. तपासत होती आमची रेडिओ. हात कामात असला तरी हिचं तोंड चालूच, म्हणून तर हे नाव. तिच्या सासूचं मांजर शेजाऱ्यांच्या कपाटात शिरलं, शेजारी कुलूप लावून गावाला निघाले — आणि बाई मध्येच थांबली.

"काय गं?"

"जेल कमी पडलं, ताई."

जेल कुठलं कमी! छातीवरून पोटापर्यंत ओघळत होतं. आणि हे वाक्य माझंच. ती नवीन होती तेव्हा मीच पढवलेलं — काही वेडंवाकडं दिसलं तर चेहऱ्यावर आणायचं नाही, जेलचं निमित्त करायचं. सांगायचं काम डॉक्टरांचं.

मान वळवून स्क्रीन बघितला. हृदयाच्या उजव्या कप्प्यात काहीतरी झुलत होतं.

५ मार्च
जिना चढताना धाप लागायची, मी वजनाला बोल लावत होते. मोठी शहाणी!

८ मार्च
स्कॅन झाला. मागे गर्भाशयाची गाठ काढली ना, तिचाच कोंब शिरेत राहिला होता. शिरेतून वर सरकत सरकत थेट हृदयात. सर्जन म्हणाले, "कॅन्सर नाही. पण झडपेत अडकली तर रक्ताची वाटच बंद." फार दुर्मीळ म्हणे. दोन डॉक्टर मुद्दाम बघायला आले. माझ्या गाठीचं जेवढं कौतुक झालं तेवढं माझं जन्मात झालं नाही!

१३ मार्च
नवरा फोनवर काहीतरी वाचत बसतो, मी दिसले की फोन पालथा घालतो. आज म्हणाला, "चहा टाकू?" — ज्याला साखरेचा डबा सापडत नाही! टाकलाही. मग कप ठेवून म्हणाला, "मला भीती वाटते गं." दोघंही रडलो. बरं वाटलं.

१७ मार्च
उद्या. छाती आणि पोट एकदमच उघडणार. मला मरायचं नाहीये. बस्स.

२९ मार्च
आहे, आहे! पण सर्जन म्हणतात, गाठ आतून चिकटली होती, खरवडून काढली. काही उरलंय का ते उद्याच्या इकोत कळेल. मी हट्टच धरला — रेडिओच करेल.

३० मार्च
स्क्रीनकडे बघितलंच नाही. डोळे मिटून घेतले. रेडिओ गप्प. किती वेळ गप्प!

मग म्हणाली, "तर ताई, ते मांजर..."