धुरी मेट्रनचा निरोप समारंभ

३ मार्च
धुरी मेट्रन ३१ला रिटायर! सत्कार कोण करणार, म्हणून मीटिंग. सगळ्या एकमेकींकडे बघत बसल्या. मी हात वर केला. माझ्या वॉर्डातली श्रेया तर बघतच राहिली. सात वर्षं त्या बाईशी कामापुरतंसुद्धा धड न बोलणारी कासारे सिस्टर सत्कार करणार!

करणार. दणक्यात करणार. कारण कँटीनमध्ये कुजबुज आहे, बाईला दोन वर्षं मुदतवाढ मिळतेय. अजून दोन वर्षं? माझ्या डोक्यावर? अख्ख्या परळसमोर एकदा हार-शाल घेतली की कुठल्या तोंडाने राहील?

४ मार्च
रात्री झोप नाही. लिहूनच टाकते.

सात वर्षांपूर्वी मी ड्युटीवर असताना आईला शिवडीच्या घरी धाप लागली. राहुलचा फोन — "ताई, लगेच ये." टॅक्सीने दहा-पंधरा मिनिटं. मेट्रन म्हणाली, "तुझ्या वॉर्डात चाळीस पेशंट आहेत. वॉर्ड सोडायचा नाही." मी रडले. सगळ्यांसमोर हात जोडले. बाई फाइल बघत होती! ड्युटी सुटल्यावर धावत गेले, तोवर आई गेली होती. राहुल म्हणाला, शेवटपर्यंत दाराकडे बघत होती.

आणि हीच ती, जिने मला सुई धरायला शिकवलं. नवीन होते तेव्हा माझ्या चुका स्वतःच्या अंगावर घेतल्या. म्हणून जास्त जळतं. परकी असती तर विसरलेही असते.

९ मार्च
दादरला हॉल मिळाला. लालबागचं ढोलपथकही सांगितलं. वाजू दे!

१४ मार्च
मेट्रनने केबिनमध्ये बोलावलं. "एवढं कशाला गं अक्षता? चहा-समोसे देऊन सोडा मला."
"मॅडम, तुमच्यासाठी नाही करायचं तर कुणासाठी?"
फाइल उघडून बसली. घाबरली वाटतं! बाहेर आले आणि जिन्यात एकटीच हसले.

२२ मार्च
मानपत्र लिहिलं. दर दोन ओळींनी "आता विश्रांती घ्या". निलेशने वाचलं. "काय गं, इतकं प्रेम?" म्हणे. नवऱ्याला पण कळलं नाही, म्हणजे जमलंय.

हॉस्पिटलच्या ट्रस्टींना आमंत्रण स्वतः जाऊन दिलं. त्यांच्या डोळ्यांदेखत निरोप झाला पाहिजे. मग मुदतवाढ मागून दाखव म्हणावं.

२९ मार्च
सगळं उलटं झालं!

हॉल खचाखच. ढोल, फुलं, जुने पेशंट. एक म्हातारा काठी टेकत कॉटन ग्रीनहून आलेला, बाईच्या पाया पडला. मी मानपत्र वाचलं. "तुम्ही आम्हाला उभं राहायला शिकवलंत" इथे माझाच आवाज फुटला! मेला आवाज! सगळा हॉल रडायला लागला.

तेवढ्यात आमचे ट्रस्टी गंगाधरराव उठले. माझ्या हातातला माइक घेतला. "एवढं प्रेम बघून आम्ही यांना सोडायचं? मुळीच नाही! ह्या क्षणापासून दोन वर्षं मुदतवाढ!" लोक उभे राहून टाळ्या. पथकवाल्यांनी पुन्हा सुरू केलं. ढोल मी ठरवलेले, वाजले तिच्यासाठी!

मेट्रन काहीतरी बोलायला पुढे आली, पण ऐकतंय कोण. मग माझ्याकडे बघितलं. हात जोडले आणि खाली बसली.

जिंकली. माझ्याच खांद्यावर चढून जिंकली!

३० मार्च
कपडे बदलायच्या खोलीत श्रेयाला म्हटलं, "बघ, शेवटी मिळवलीच ना मुदतवाढ."
श्रेया गर्रकन वळली. "मिळवली? अगं, ट्रस्टी मागे लागलेले. मेट्रननी दोनदा नाही म्हणून सांगितलं होतं. परवाचं कोकणकन्येचं तिकीट काढलेलं. त्यांची आई आहे ना कुडाळला, अंथरुणाला खिळलेली. तिच्याजवळ राहायला चाललेल्या."
"मग स्टेजवर का नाही बोलल्या?"
"तू बोलू दिलंस? एवढी माणसं रडवलीस, ढोल लावलेस. नाही म्हटलं असतं तर कृतघ्न ठरल्या असत्या."

दिवसभर वॉर्डात डोक्यात तेच. मला काय माहीत? मला कुणी सांगितलं होतं? उगाच माझ्या माथी मारतेय श्रेया.

पण त्या हात जोडून बसल्या, ते डोळ्यांसमोरून जात नाही.

१ एप्रिल
संध्याकाळी रिपोर्ट द्यायला केबिनमध्ये गेले. मेट्रन राउंडवर. टेबलावर त्यांचा मोबाइल वाजत होता, थांबत होता, पुन्हा वाजत होता. 'आई'. उचलला.
"चेडवा, रातच्या गाडयेत बसतलंस मां? वाट बघतंय गो."
त्यांनी अजून आईला सांगितलंच नव्हतं.
"त्या ड्युटीवर आहेत," मी म्हटलं.